चिंच, तंबाखू, कापूर की सिट्रोनेला: कायरॅलिटीवर प्रोजेक्ट घ्यायचा तर कुठला घ्यावा

मागच्या रविवारी तलावपाळीला भेळ खाताना भाचीने विषय काढला. एमएस्सीचं दुसरं वर्ष चालू आहे, ऑरगॅनिक घेतलंय, आणि प्रोजेक्टचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. समोर चार विषय आहेत, चारही सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्रीतले (रेणू एकमेकांना जोडून मोठी रचना कशी उभी राहते त्याचं शास्त्र), चारहींच्या नावात कायरॅलिटी वापरून रेणूच्या आकारावर ताबा वगैरे भारदस्त काहीतरी, आणि सीनियर्सनी चार तोंडांनी चार सल्ले दिलेले. "मावशी, तू सांग ना, तू तर हेच करायचीस." मी हे करायचे त्याला आता सोळा वर्षं झाली, त्यानंतर रबाळे-महापे पट्ट्यात प्रोसेस केमिस्ट म्हणून सॉल्व्हंट आणि फिल्टर ड्रायरशी संसार चाललाय, पण विषय काही सुटला नाही, अजून वाचत असते. तिला तोंडी सांगितलं ते भेळेबरोबर संपलं म्हणून ट्रान्सहार्बरमध्ये बसून, म्हणजे ऐरोलीपर्यंत उभं राहून, सगळं टाइप केलं. तिच्यासारखे अजून असतील त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट, कारण इथेच सगळे घोळ घालतात. कायरल रेणू म्हणजे ज्याचे डावा-उजवा असे दोन अवतार असतात, आरशातल्या प्रतिमेसारखे, पण एकावर एक ठेवले तर बसत नाहीत. डाव्या सोंडेचा गणपती आणि उजव्या सोंडेचा गणपती, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. (उच्चार कायरल, ग्रीकमधल्या हाताच्या शब्दावरून. आमचे सर शेवटपर्यंत चायरल म्हणायचे आणि कोणाचे मार्क कापले गेले नाहीत.) शब्द लॉर्ड केल्व्हिनचा, १८९३ च्या व्याख्यानातला, पण डावे-उजवे प्रत्यक्ष वेगळे करून दाखवले ते पाश्चरने १८४८ मध्ये, टार्टरिक ॲसिडच्या सोडियम अमोनियम क्षाराचे स्फटिक चिमट्याने एकेक वेचून. ते स्फटिक असे वेगवेगळे पडतात साधारण २७-२८ अंशांच्या खाली, त्याच्या वर गेलं की डावा-उजवा एकाच स्फटिकात जाऊन बसतात. पाश्चर एप्रिलमध्ये ठाण्यात असता तर चिमटा हातात घेऊन घाम पुसत बसला असता.

तर मुद्दा हा. चारही प्रोजेक्टना एकच प्रश्न विचारायचा: इथे कायरॅलिटी आकार ठरवतेय, की आकार आधीच ठरलेला आहे आणि ती फक्त डावा की उजवा एवढंच ठरवतेय? गोल जिना बांधायचाच आहे, तो कुठल्या बाजूला वळेल एवढंच सांगणारा माणूस वेगळा, आणि इथे जिना होणार की त्रिकोणी खोली होणार हे सांगणारा वेगळा. दोन्ही कामं खरी आहेत पण पुरावा वेगळा लागतो, मशीन वेगळं लागतं, आणि फसायची पद्धतही वेगळी. फॉर्मवरचं टायटल वाचून हे कळत नाही, टायटलं सगळी सारखीच.

आणि गंमत बघ, चारही ठिकाणी हे डावं-उजवंपण येतं कुठून म्हणून शोधत गेलं तर जांभळी नाक्यावर सामान आणायला गेल्यासारखं वाटतं. चिंच, तंबाखू, कापूर, गवती चहाचा भाऊ.

पहिला ऑप्शन, चिंचेचा. ट्रान्स-१,२-डायअमिनोसायक्लोहेक्झेन, सगळे डॅक म्हणतात, मीही तेच म्हणते. सहा कार्बनची कडी, तिच्यावर शेजारी शेजारी दोन अमाइन, म्हणजे नायट्रोजनचे गट. बाजारात सिस-ट्रान्सचं (सिस म्हणजे दोन्ही अमाइन कडीच्या एकाच बाजूला, ट्रान्स म्हणजे विरुद्ध बाजूंना) स्वस्त मिश्रण मिळतं, त्यात टार्टरिक ॲसिड पाण्यात विरघळवून घालायचं (चिंचेत असतं तेच, एल-टार्टरिक, निसर्गातलं), थोडं ॲसेटिक ॲसिड, मग थंड करायचं, आर,आर हाताच्या डॅकचा (ट्रान्सच्या दोन हातांची नावं आर,आर आणि एस,एस) टार्टरेट क्षार खाली बसतो आणि बाकीचं वर द्रावणात राहतं. एमएस्सीच्या लॅबमध्ये होण्यासारखं काम आहे. फार्मावाल्यांना सांगायचं तर ऑक्झालिप्लॅटिन या कॅन्सरच्या औषधात प्लॅटिनमला धरून बसलेला तो हाच आर,आर डॅक.

आता आकार. या कडीवरचे दोन नायट्रोजन एकमेकांशी साधारण ६० अंशात उभे असतात आणि कडी ताठ असल्यामुळे तो कोन सहजासहजी मोडत नाही. ६० अंश म्हणजे समभुज त्रिकोणाचा कोपरा, हे सातवीतल्या पोरालाही माहीत आहे. मग तीन डॅक आणि तीन टेरेफ्थालाल्डिहाइड, हा सरळ काठीसारखा दोन टोकांचा अल्डिहाइड, एकत्र केले की सहा इमाइन बंध (अमाइन आणि अल्डिहाइड जोडले की होतो तो कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) होऊन त्रिकोण तयार. ट्रायअँग्लिमाइन म्हणतात, पोलंडच्या गाव्रोन्स्की यांच्या ग्रुपने २००० साली केलं. मोठी रिंग बनवायची म्हणजे एरवी लिटरच्या लिटर सॉल्व्हंटमध्ये थेंब थेंब सोडत बसावं लागतं, इथे ती झिगझिग नाही, इमाइन बंध तुटत-जुळत राहतो आणि शेवटी सगळं घसरत त्रिकोणात येऊन बसतं. म्हणजे इथे कायरॅलिटी डावा-उजवा ठरवून थांबत नाही, ती कोपरा घडवते.

हे मी वाचून नाही शिकले, चुकून शिकले. पहिल्या वर्षी मी शेल्फवरून बाटली उचलली, लेबलवर ट्रान्स लिहिलं होतं, मला वाटलं झालं काम. ट्रान्स म्हणजे दोन अमाइन विरुद्ध बाजूंना, बस, त्यात आर,आर आणि एस,एस दोन्ही अर्धे अर्धे असू शकतात आणि त्या बाटलीत होतेच. एनएमआर (रेणूतल्या वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या टोकांनी दाखवणारा स्पेक्ट्रम) आला तर इमाइनच्या जागी, ८.२ पीपीएमच्या आसपास, एका टोकाऐवजी टोकांचं झुडूप. आठ दिवस मी शुद्धीकरण करत बसले, सिलिका कॉलम टाकला (इमाइनवर सिलिका कॉलम, देवा!), अर्धं कॉलमवरच तुटलं. मग गाइडनी वहीत एक त्रिकोण काढला आणि विचारलं, तिन्ही कोपरे एकाच हाताचे असतील तर सहा इमाइन सारखे दिसतील, म्हणजे एक सिग्नल, पण दोन आर,आर आणि एक एस,एस असा मिश्र त्रिकोण झाला तर किती दिसतील? मोज. तीन. झुडपातलं मुख्य टोक कुठलं आणि बाकीची तीन कुठली हे त्या दिवशी समोर दिसलं आणि सिमेट्री हा विषय पहिल्यांदा पोटात गेला. माझी चूक होती पण अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला डेटा तोच निघाला.

याच डॅकची पुढची पायरी म्हणजे पिंजरा. त्रिकोणी अल्डिहाइड चार, डॅक सहा, बारा इमाइन बंध, वजन साधारण १११७, नाव सीसी३. लिव्हरपूलच्या अँड्र्यू कूपर यांच्या ग्रुपचं २००९ चं काम. इथे मात्र माझा वरचा प्रश्न जरा प्रामाणिकपणे विचारायला लागतो, कारण डॅकच्या जागी साधा एथिलीनडायअमाइन टाकला, ज्यात डावं-उजवं काहीच नाही, तरी पिंजरा होतोच, त्याचं नाव सीसी१. म्हणजे पिंजरा होणं कायरॅलिटीवर अवलंबून नाही! फरक पडतो तो पुढे. सीसी१ स्वतःला पीळ देऊन कधी डावा कधी उजवा होत राहतो, आणि स्फटिकात कसा रचला जाईल ते सॉल्व्हंटवर अवलंबून. सीसी३ मध्ये डॅकच्या कड्यांनी पीळ कुलूपबंद केलेला असतो, पिंजरे खिडकीला खिडकी लावून बसतात आणि आरपार बोगदे तयार होतात. आर हाताच्या पिंजऱ्याचं द्रावण आणि एस हाताच्या पिंजऱ्याचं द्रावण एकत्र ओतलं की दोघांची जोडी एकटीपेक्षा कमी विरघळते, म्हणून साका खाली बसतो. २०१४ मध्ये दाखवलं की हाच पिंजरा झेनॉन आणि क्रिप्टॉन वेगळे करतो, आणि वापरलेलं अणुइंधन प्रक्रियेला घेतलं की हे दोन वायू बाहेर पडतात, म्हणजे वाशीहून खाडीपलीकडे जे तुर्भे, म्हणजे बीएआरसीवालं ट्रॉम्बे, दिसतं तिथल्या लोकांच्या कामाची गोष्ट.

तोटे सांगते, नाहीतर म्हणशील मावशी आपलीच दुकानदारी करतेय. इमाइनला ॲसिड चालत नाही. एनएमआरला वापरतात त्या ड्यूटरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये जुन्या बाटलीत ॲसिडचा अंश येतो, तेवढ्यानेही सॅम्पल हळूहळू मोडतं, म्हणून आधी बेसिक ॲल्युमिनातून गाळून घ्यायचं. डॅक स्वतः हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो, झाकण उघडं राहिलं की तोंडाशी पांढरा थर, आणि पुढे तपकिरी. टिकाऊ हवं म्हणून सोडियम बोरोहायड्राइडने इमाइनचं अमाइन केलं तर टिकतं, पण मग ताठपणा गेला, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो त्रिकोण ढिला पडला. हा सौदा प्रत्येकाला करावा लागतो.

दुसरा ऑप्शन धातूंचा, आणि हा फोटोत सगळ्यात छान दिसतो. लेन यांनी १९८७ मध्ये, म्हणजे पेडरसन आणि क्रॅम यांच्याबरोबर नोबेल मिळालं त्याच वर्षी, बायपिरिडीनच्या (धातूला धरून बसणाऱ्या रेणूच्या) दोन पट्ट्या कॉपर आयनांभोवती दोरीसारख्या गुंडाळून दाखवल्या आणि नाव दिलं हेलिकेट. धातूभोवती तीन पट्ट्या पंख्याच्या पात्यांसारख्या बसल्या की तो धातू स्वतःच डावा किंवा उजवा होतो, डेल्टा आणि लॅम्डा म्हणतात. दोन धातू असतील तर दोघे एकाच हाताचे झाले की पीळ पडतो, आणि एक डावा एक उजवा झाला की पीळ पडतच नाही, त्याला मेसोकेट म्हणतात. बघ, इथे पुन्हा नुसता हात नाही, अख्खा आकार बदलतो. पट्टीवर एखादा कायरल गट बसवला की मेसोकेटला जागाच उरत नाही. फ्रिबुर्गच्या फॉन झेलेव्स्की यांनी त्यासाठी पायनीन वापरलं, तेच जे टर्पेंटाइनमध्ये असतं, रंगाऱ्याच्या डब्यातलं.

चार धातू आणि सहा पट्ट्यांचा चौफलक पिंजरा असेल तर अजून मजा. चारही धातू एका हाताचे, किंवा तीन-एक, किंवा दोन-दोन, असे तीन प्रकार द्रावणात एकत्र नांदतात आणि एनएमआरमध्ये प्रत्येक पट्टीचे अनुक्रमे एक, चार आणि तीन संच दिसतात, म्हणजे मिश्रण असेल तर आठ. केंब्रिजच्या निट्श्के यांच्या लोह पिंजऱ्यांमध्ये योग्य कायरल अमाइन वापरलं की हे आठाचं एक होतं. मला हे स्पेक्ट्रम बघताना फार बरं वाटतं, पाऊस थांबल्यावर घोडबंदरचा रस्ता अचानक मोकळा मिळावा तसं.

तंबाखू कुठे आली? बर्कलीच्या रेमंड यांच्या गॅलियम पिंजऱ्यात. त्याच्यावर उणे बारा भार आणि चारही धातू एकमेकांना असे जखडलेले की सगळे एकाच हाताचे व्हावे लागतात, पण बॅचमध्ये डावे पिंजरे आणि उजवे पिंजरे निम्मे निम्मे. निकोटीनपासून बनवलेला धन आयन घालून २००१ मध्ये त्यांनी ते वेगळे केले, आणि नंतर तो काढून टाकला तरी पिंजऱ्याने हात सोडला नाही. सुटा एकच गॅलियम असता तर बघता बघता डाव्याचा उजवा झाला असता.

पण प्रोजेक्टला? कॉपर एक (एक धन भार असलेला कॉपर) असलेले पदार्थ हवेत हिरवट-निळे पडतात, म्हणजे कॉपर दोन झालं आणि गेलं. लोहाचे बरे. क्षार निवडताना परक्लोरेट वाचलंस की लांब राहा, जुन्या प्रोसिजरमध्ये सर्रास असतात आणि ते फुटतात, टेट्राफ्लोरोबोरेट वगैरे घे. शिवाय भार असलेल्या पिंजऱ्याचा मास स्पेक्ट्रम (रेणूचं वजन दाखवणारा) काढायला ज्याला सवय आहे असा माणूस लागतो, आणि क्रिस्टल मिळाला तरी आत सॉल्व्हंट भरलेला असतो, बाहेर काढला की काचेचा चुरा होतो. चांगला ग्रुप असेल तर हा विषय सोनं आहे. गाइडकडे आधीची एखादी पोस्टडॉक किंवा पीएचडीची मुलगी या कामात नसेल तर एकटीने उडी मारू नकोस.

तिसरा फोल्डॅमर. इथे कापूर. फोल्डॅमर म्हणजे प्रोटीनसारखी स्वतःहून घडी घालणारी पण माणसाने बनवलेली साखळी, शब्द गेलमन यांचा, नव्वदच्या दशकातला. आपल्याकडे या विषयाला नवल नाही, मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्येच पेप्टाइड कुठल्या कोनात वळू शकतं त्याचा नकाशा काढून ठेवला, आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीत बालराम यांच्या ग्रुपने एआयबी नावाच्या अमिनो ॲसिडचे कितीतरी पेप्टाइड स्फटिकात पकडले. एआयबी लक्षात ठेव. त्याच्या एकाच कार्बनवर दोन मिथाइल, त्यामुळे तो कायरल नाही, पण गर्दी एवढी की साखळीला हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखा पीळ, घालण्यावाचून पर्याय नाही. डावी हेलिक्स आणि उजवी हेलिक्स सारख्याच प्रमाणात, दर क्षणाला इकडून तिकडे. आता टोकाला एकच कायरल अमिनो ॲसिड लाव, अख्खी साखळी एका बाजूला वळते. क्लेडन, ऑरगॅनिकच्या पोरांना नाव ओळखीचं असतंच, त्यांच्या ग्रुपने २०१४ मध्ये दाखवलं की एका टोकाचा निरोप साठाहून जास्त बंध पार करून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो. साठ बंध! आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा निरोप चौथ्यावर जाईपर्यंत उलटा झालेला असतो.

ह्यूक यांच्या क्विनोलीनच्या साखळ्या याहून ताठ. त्यांच्या टोकाला कॅम्फॅनिल गट, म्हणजे कापराच्या घराण्यातला, लावला की हेलिक्सचा हात पूर्ण ठरतो, एखाद दुसरा टक्का इकडेतिकडे असंही नाही. आता तू आरतीचा कापूर घेऊन लॅबमध्ये जाशील म्हणून सांगते, बाजारातला बहुतेक कापूर पायनीनपासून कारखान्यात बनलेला असतो आणि त्यात डावा-उजवा दोन्ही असतात, त्याचा इथे काही उपयोग नाही. झाडाचा कापूर एका हाताचा.

पण माझा प्रश्न इथे लाव. कापूर काढून टाकला तर हेलिक्स मोडते का? नाही. हेलिक्स असतेच, फक्त डावी-उजवी मिसळलेली. म्हणजे या प्रोजेक्टमध्ये कायरॅलिटी आकार घडवत नाही, आकाराचा हात निवडते. रिपोर्टमध्ये कायरॅलिटीने आकारावर ताबा मिळवला असं लिहिलंस आणि एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) जागरूक असला तर तो हेच विचारेल. याला अपवादही आहे हां, गेलमन यांच्याच बीटा-पेप्टाइडमध्ये सहा कार्बनची कडी असलेलं एकक घेतलं तर एका मापाची हेलिक्स आणि पाच कार्बनची घेतली तर वेगळ्या मापाची, आणि दोन्हीत हात आधीच पक्का, तिथे कडी आणि कायरॅलिटी मिळून आकार ठरवतात. तिथे उत्तर हो असं देता येतं.

हातावरून आठवलं, उजवं कशाला म्हणायचं यावरच जगाचं एकमत नाही. आपण ज्या दुर्मिळ शंखाला दक्षिणावर्ती म्हणून पूजतो त्याला शंखशिंपल्यांचे अभ्यासक डावा म्हणतात, कारण बघायची पद्धत उलटी. हेलिक्सला पी (उजवी) आणि एम (डावी) लिहिताना आपण कुठून बघतोय हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, सहा महिन्यांनी स्वतःच गोंधळशील.

फोल्डॅमरची अडचण वेळेची. एकेक एकक जोडायचं, संरक्षक गट काढायचा, परत जोडायचं, आठ एककांची साखळी म्हणजे तेवढ्या वेळा शुद्धीकरण. सात-आठ महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये साखळी पूर्ण होते आणि वर्ष संपतं, घडी बघायची राहूनच जाते. दोन मुली माझ्या डोळ्यासमोर अशा अडकल्या. पण नोकरीच्या बाजूने बोलायचं तर चौघांत हा वरचढ. पेप्टाइड कपलिंग हाताला बसलेली असेल तर नवी मुंबईत इंटरव्ह्यूला ऐकून घेतात, सेमाग्लुटाइडमध्ये आठव्या जागेवर हाच एआयबी बसवलेला आहे, एन्झाइमने तिथे कापू नये म्हणून. तू म्हणशील एआयबीवर काम केलंय, समोरचा खुर्चीत पुढे सरकतो.

चौथा सुप्रामॉलिक्युलर पॉलिमर. चकत्यांसारखे रेणू हायड्रोजन बंधांनी एकावर एक चढतात आणि हायड्रोजन बंध जरा तिरके असल्यामुळे चळत पिळते. सगळ्या चकत्या अकायरल असतील तर डाव्या आणि उजव्या चळती सारख्या. त्यात थोड्या कायरल चकत्या टाकल्या की सगळी चळत त्यांच्या मागे जाते, याला सार्जंट आणि सोल्जर म्हणतात, मार्क ग्रीन यांनी १९८९ मध्ये साध्या पॉलिमरवर दाखवलं, पुढे आइंडहोव्हनच्या मायर यांच्या ग्रुपने चकत्यांवर. ढोल-ताशा पथकात पुढचे दोघे टिपरू फिरवतात आणि मागचे दोनशे त्याच ठेक्यावर, तसंच. ग्रीन यांनी तर नुसत्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालून, म्हणजे एका न्यूट्रॉनच्या फरकाने, पॉलिमरचा हात ठरवून दाखवला होता, मला हे वाचून तेव्हा झोप लागली नव्हती. कायरल चकतीची शेपटी बऱ्याचदा सिट्रोनेलॉलपासून केलेली, सिट्रोनेला तेलातलं, गवती चहाच्या भाऊबंदांतलं. आपल्याकडे बंगळुरूच्या जेएनसीएएसआरमध्ये असल्या चळतींवर चांगलं काम चालतं.

रेणू बनवायला हा सगळ्यात सोपा, दोन-तीन पायऱ्या. पण मग पुढचं सगळं सीडी स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे डाव्या-उजव्या वळणाच्या प्रकाशाचं शोषण किती वेगळं ते मोजणाऱ्या मशीनवर. ते मशीन कॉलेजमध्ये नसतं, असलं तरी दिवा गेलेला असतो, बाहेर नंबर लावायचा, अतिशय पातळ द्रावणं, तापवत-थंड करत वक्र काढायचे. आणि आपल्या हवेची गोष्ट ऐक. मायर यांच्याच ग्रुपला एका पदार्थाचा सीडी दर वेळी वेगळा यायचा, शेवटी लक्षात आलं की तेलासारख्या सॉल्व्हंटमध्ये हवेतलं जे नाममात्र पाणी विरघळतं तेच चळतीत शिरून पीळ बदलतंय, २०१८ मध्ये नेचरमध्ये छापून आलं. हे नेदरलँड्समध्ये. तू जुलैमध्ये ठाण्यात करणार, जिथे पापड कपाटात ठेवले तरी मऊ पडतात.

आता शेजारी शेजारी ठेवून बघ. कॉलेजमधल्या पोलॅरिमीटरवर (द्रावण प्रकाशाची दिशा किती वळवतं ते मोजणारं यंत्र) आणि पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात करून आणलेल्या एनएमआरवर ज्याचं भागतं असा एकच, पहिला. धातूवाल्याला चांगला मास आणि क्रिस्टल लागतो, चौथ्याला सीडीशिवाय एक पाऊल टाकता येत नाही, फोल्डॅमरला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं मशीन) हवंच. पैशांचं म्हणशील तर डॅकचा टार्टरेट क्षार स्वतः बनवलास तर पहिला स्वस्त, पण दुसऱ्या हातासाठी निसर्गात सहसा न मिळणारं डी-टार्टरिक लागतं आणि ते महाग, म्हणून कंट्रोलपुरतंच घ्यायचं. फसलं तर हातात काय उरतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तोच महत्त्वाचा. त्रिकोण फसला तरी एनएमआरमधून का फसला ते मोजता येतं. फोल्डॅमर अर्धवट राहिला तर छोट्या साखळ्या उरतात, त्यांचीही तुलना होते, शिवाय हात तयार झालेला असतो. चळत फसली तर सपाट रेषा उरते. सपाट रेषेवर चाळीस पानं लिहिणारी मंडळी आहेत म्हणा, पण त्यांना वरदान असतं.

"पुराव्या"चं विसरू नको. पहिल्या दोन ठिकाणी कायरॅलिटी काढ, म्हणजे रेसिमिक (डावा-उजवा निम्मे निम्मे असलेला) डॅक घे किंवा अकायरल अमाइन घे, आणि एनएमआरमध्ये सिग्नल वाढलेले दाखव, झालं, आकारावर परिणाम झाला हे शाळेतल्या पोरालाही पटेल. तिसऱ्या-चौथ्यात कायरॅलिटी काढली की एनएमआर बऱ्याचदा तसाच राहतो आणि फक्त सीडी शून्य होतो. हे कमी दर्जाचं नाही, फक्त ते पटवायला जास्त बोलावं लागतं आणि तू व्हायव्हात घाबरतेस.

माझं मत सांगायचं तर पीएचडी करायचीच असेल, पाच वर्षं हातात असतील आणि गाइड तयारीचा असेल तर धातूचे पिंजरे, डोळे झाकून. नोकरीच करायची असेल आणि घरून घाई असेल (ताईला मी ओळखते, घाई आहे) तर फोल्डॅमर, पण चारच एककांचा, आठचा हट्ट नको. फिजिकल केमिस्ट्री मनापासून आवडत असेल तर चौथा, आणि डेसिकेटर स्वतःचा वेगळा ठेव. आणि या वर्षीचा, शुक्रवारी ज्याचा फॉर्म भरायचाय तो, डॅकचा त्रिकोण. टार्टरिकने वेगळं करण्यापासून सुरुवात, मग आर,आर घेऊन त्रिकोण, मग मुद्दाम रेसिमिक घेऊन झुडूप, मग दोन्हींची तुलना, वेळ उरला तर सीसी३. माझ्या चुकीचा तू रीतसर प्रयोग करायचा.

बुधवारी रात्री तिचा मेसेज आला, पहिलाच भरला, गाइड म्हणाले बाटली लॅबमध्ये आहे, लगेच सुरू कर, वेगळं करत बसू नकोस. बाटलीचा फोटो पाठवला होता. लेबलवर ट्रान्स लिहिलंय, पुढे काहीच नाही. तिला लिहिलंय की सुरू करायच्या आधी पोलॅरिमीटरवर बघ.